दिवस बुडाल्यावरचं पाणी

गोळी मसुराच्या दाण्याएवढी होती, विटकरी रंगाची. बेळगावच्या डॉक्टरांनी ती कागदाच्या पुडीत घालून दिली आणि सांगितलं, "रात्री झोपताना घ्यायची. तोंड कोरडं पडेल, तेव्हा घोटघोट पाणी पीत राहायचं." आमच्या यांनी मान डोलावली, त्यांचं बघून मीही डोलावली. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले जैन शेतकरी. आमच्या घरात दिवस बुडाल्यावर जेवण तर नाहीच, पण बायका पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत. इतकी साधी गोष्ट त्या खोलीत दोघांपैकी एकालाही आठवली नाही. आठवली ती परतीच्या बसमध्ये, संकेश्वर मागं पडल्यावर.

"मग दिवस बुडायच्या आत जेवतीस, त्याच्यासंगं घे की," हे म्हणाले. "पोटात गेल्याशी कारण."

डॉक्टरांना पत्र टाकून विचारावं, असं काही आमच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांना प्रश्न विचारायचे असतात हेच मुळी आम्हाला माहीत नव्हतं.

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला भीती वाटायची. कसली, ते सांगता येत नसे. सुरुवात झाली ती हौदाजवळ. मुलगी माझ्या कडेवर होती, माझं मंगळसूत्र तोंडात घालून चघळत होती. एकाएकी छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या आणि वाटलं, आता ही आपल्या हातून हौदात पडणार. ती पडली नाही. पण त्या दिवसापासून भीती घरचीच होऊन बसली. चुलीपाशी, बसमध्ये, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवासमोर डोळे मिटले तरी तिथंही. निपाणीच्या डॉक्टरांनी छातीचा कागद काढून बघितला आणि काळीज ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग दोन महिने ताकदीची इंजेक्शनं टोचून घेतली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

शेवटी मीच म्हणाले, पोरीला माझ्या आईकडं बेळगावातल्या शहापूरला नेऊन सोडा. अडीच वर्षांची होती. तिला वाटलं, बापाच्या खांद्यावर बसून गावाला निघालोय. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती मला हात हलवून टाटा करत होती. कुणी माझ्याकडून तिला हिसकावून नेलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

ती परत कधी आणायची, हे बेळगावच्या डॉक्टरांनीच ठरवून दिलं होतं. "मन थाऱ्यावर आलं की आणा," ते म्हणाले होते. "पहिले दोन-तीन आठवडे उलट जास्तच घाबरल्यासारखं होईल. हात कापतील. गोळी मात्र सोडायची नाही." गल्लीत आम्ही सांगितलं की मला पित्त झालंय आणि बेळगावला पित्ताचा डॉक्टर आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. मला डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊन आणलंय हे दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलं होतं.

मार्गशीर्षाचे दिवस. सूर्य सहाला बुडायचा. साडेपाचला भाकरी, साडेपाचलाच गोळी. सातला तांदूळ निवडता निवडता माझी मान सुपात जायची. घर जागं असताना मी झोपलेली आणि घर झोपलेलं असताना मी टक्क जागी. तोंडात जीभ अशी, की कुणी वाळवणावरून उचलून आत ठेवली असावी. पाण्याची घागर पाच पावलांवर, स्वच्छ गाळलेली, वर पांढरं फडकं बांधलेली. उजाडून ऊन पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा नेम मी लग्नाच्या वर्षी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या शेजारी बसून बस्तीत स्वतःच्या तोंडानं घेतला होता, त्यामुळं कुणाला दोष द्यायचीही सोय नव्हती.

तहान आणि मुलीची आठवण यांतलं आधी काय जागं व्हायचं, मला आज सांगता येणार नाही. ती झोपताना माझ्या चोळीच्या बाहीत मूठ घालून झोपायची. ती बाही आता सैल लागायची. तिचा एक हिरवा झबला मागं राहिला होता. तो धुतलेला होता, तरी मी रोज परत धुवायची आणि दोरीवर घालायची, तिचं काहीतरी वाळत असलेलं दिसावं म्हणून. आत्याबाई ते बघायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. त्यांचा मला धाकच वाटायचा. हाडकुळ्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांना एकच शौक होता, तो गोडाचा. चहात दोन चमचे साखर घालून वर गुळाचा खडा तोंडात टाकायच्या.

आठव्या-नवव्या दिवशी आईचं कार्ड आलं. चौथी शिकलेल्या आईची मोठी मोठी अक्षरं. पोर खुशाल आहे. शेजारच्या विणकरांचे माग सुरू झाले की दारात जाऊन बसते आणि मागाबरोबर मान हलवते. दूधभात खाते. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, "घरातले सगळे मला आई म्हणतात ते ऐकून तीही आता मला आईच म्हणायला लागली आहे, तू वाईट वाटून घेऊ नको."

मी वाईट वाटून घेतलं. पोटभर घेतलं. गोळीनं भीती तर कमी झालीच नव्हती, उलट हात इतके कापायचे की ताकाचा तांब्या नेताना मागं पांढरी रेघ उमटायची. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवले आणि गोळी तोंडात न टाकता पुडी जशीच्या तशी फळीवर ठेवली. संपलं म्हटलं. मुलगी गेली ती गेली, निदान रात्रीची तहान तरी नको.

दिवस बुडाला. आत्याबाईंनी दिवा लावला, देवाला हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी घागरीचं फडकं सोडलेलं मला ऐकू आलं. मला वाटलं, यांच्यासाठी पाणी घेत असतील, घरातले पुरुष रात्री पाणी प्यायचे. पण त्या फुलपात्र भरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या हातात पुडी.

"गोळी घे."

"दिवस बुडालाय, आत्याबाई."

"मला दिसतंय की. डोळं गेलं न्हाईत अजून माझं. डाक्टरनं रातीची सांगितलीया न्हवं? मग रातीला घ्यायची."

"आणि नेम?"

"त्ये माझ्याकडं लागलं," त्या म्हणाल्या. "पोरगी तिकडं, तू हिकडं. किती दिस काढायचं असं? घे गं."

मी घेतली. पाणी प्याले. फुलपात्र दातांवर खडखडत होतं, तर त्यांनी ते खालून धरलं. मग तांब्याभर पाणी माझ्या उशाशी आणून ठेवलं, वर वाटी झाकली आणि आपल्या जागेवर जाऊन जपाची माळ हातात घेतली. त्या स्वतः तहानलेल्या होत्या की काय, हे मी विचारलं नाही. त्या वेळी मला फक्त पाणी दिसत होतं.

तेव्हापासून रोज दिवा लागला की घागरीचं फडकं सुटायचं आणि नऊला, झोपताना, फुलपात्र समोर यायचं. गोळी नऊला पोटात गेल्यामुळं झोप तिच्या वेळेला यायला लागली. पहाटे जाग आली तर दोन घोट पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. भीती होतीच. पण कोरड्या तोंडाची भीती आणि ओल्या तोंडाची भीती यांत फरक असतो, ज्याला दोन्ही झाल्यात त्याला विचारा.

याच दिवसांत माझ्या मनात एक अढी बसली. आत्याबाई माझ्या आधी उठून आपला चहा आपणच करून प्यायला लागल्या होत्या. पूर्वी तो मी करायची. एका सणाला मी खीर केली, तर त्यांनी वाटी बाजूला सारली. संक्रांतीला मी पाया पडून तिळगुळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवून दिला. दुपारी तोच लाडू मला यांच्या ताटात दिसला. मी समजायचं ते समजले. वेडीच्या हातचं गोड यांना चालत नाही. किंवा मी रात्रीचं पाणी पिते, म्हणून माझा हात बाटलाय. पाणी द्यायचं उपकारानं आणि हातचं खायचं नाही. मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर राग आल्याचं बरंही वाटलं, कारण कित्येक महिन्यांत भीतीशिवाय मला दुसरं काही आलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एक दिवस तिसरी भाकरी तव्यावर टाकताना माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी छातीवर हात ठेवून बघितलेलंच नाही. लगेच ठेवला. काळीज आपलं काम करत होतं, माझ्याकडं त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मी हात धुतले, परसात गेले आणि हिरव्या झबल्यात तोंड घालून रडले. मग आत येऊन यांना म्हणाले, आता पोरीला आणायला जाऊ.

सहाव्या आठवड्यात आम्ही बेळगावला निघालो. वंटमुरीच्या घाटात भीती आली. मी पुढच्या सीटची दांडी धरून बसले. घाट संपला, तीही उतरली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "गोळी रात्रीच घेताय ना?" मी म्हणाले, "व्हय, रातीलाच." इतकं अभिमानानं मी आयुष्यात कुठलं उत्तर दिलं नसेल.

शहापूरच्या त्या अरुंद गल्लीत शिरलो तेव्हा माग चालू होते. मुलगी दारातच होती. मला बघून ती उठली आणि घरात पळाली. "आई, बाई आली," म्हणाली. ती आई म्हणजे माझी आई आणि ती बाई म्हणजे मी. मी उंबऱ्यावर बसले. बोलावलं नाही, हात पुढं केला नाही. बरोबर आणलेला झबला तेवढा मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर हात. बराच वेळ गेला. मग ती आईच्या पदराआडून हळूहळू जवळ आली आणि झबल्याकडं न बघता माझ्या हाताकडं बघायला लागली. गोळीनं बोटं अजून कापायची.

"ह्ये का हलतंय?" तिनं विचारलं. आणि माझं एक बोट आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवलं.

तिला कडेवर घेऊन मी बसमध्ये चढले. हातून पडण्याचा विचार मनात आला, पण तिनं माझी बाही धरलेली होती.

आईनं बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, कुंद्याचा, डबा बरोबर दिला होता. घरी पोचलो तेव्हा दिवस बुडायला थोडा वेळ होता. मुलगी आजीला विसरली नव्हती. तिनं डब्यातला मूठभर कुंदा घेतला आणि सरळ आत्याबाईंच्या तोंडाशी नेला. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. तिनं परत नेला. त्यांनी तिची मूठ धरली आणि हळूच खाली केली.

माझा इतक्या दिवसांचा राग उसळून वर आला. "माझ्या हातचं नको तर नको," मी म्हणाले. "तिच्या हातचं तरी घ्या. तिला काय झालंय?"

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना खरोखरच काही कळलं नव्हतं.

"तुझ्या हातचं न्हाय म्हणून कोण म्हटलं?" त्या म्हणाल्या. "गोड सोडलंय मी. साखर, गूळ, समदं. तुला पयल्यांदा पाणी दिलं, त्याच्या दुसऱ्या दिशी बस्तीत जाऊन देवाला सांगून आल्ती. पाणी मी दिलं, तर त्याचं मलाच लागायला पायजे. तुला कशाला?"

"कुठवर?" मी विचारलं.

"तुझी गोळी हाय तवर."

मुलीची मूठ चिकट झाली होती. ती त्यांनी आपल्या पदरानं पुसली. मी तिथंच खाली बसले. माफी मागायची असते हे सुचायलाही मला दोन दिवस लागले. आणि मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "राग येतोय म्हंजी बरी हुयाला लागलीस."

गोळ्या वर्षभर चालल्या, वर आणखी दोन महिने. तेवढे दिवस लग्नात, बारशात, दिवाळीत आत्याबाई गोडाची पंगत वाढायच्या आणि स्वतः भाकरी-आमटी खायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, पित्त झालंय.

त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माझी मुलगी आज मी तेव्हा होते त्याहून मोठी आहे. संध्याकाळी दिवा लावला की अजून मला घागरीचं फडकं सोडल्याचा आवाज हवासा वाटतो. घरात घागर नाही, फडकं नाही, तरी मी क्षणभर थांबते.

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या त्या दिवशी मी दिवस बुडायच्या आत पाणी प्याले आणि फुलपात्र पालथं घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या आधी उठले. ऊन पडल्यावर चहा केला, दोन चमचे साखर घातली आणि कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात धरला.

"लई गोड झालाय," त्या म्हणाल्या, आणि कप खाली न ठेवता सगळा प्याल्या.