सव्वादोनच्या बांगड्या

“हात ढिला सोड गं. मी काय खाऊन राहिले का तुहा हात?”

समोर कुणी बाई बसली आणि तिनं हात पुढं केला, की मावशींचं हे वाक्य ठरलेलं. मग त्या तो हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायच्या, अंगठ्याचं हाड हळूच आत दाबायच्या, तिच्या सासूची, लेकराची, म्हशीची चौकशी करायच्या. बाई उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत बांगडी मनगटावर गेलेली असायची. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्यांचं बांगड्यांचं पाल असायचं. हाडाच्या कासारीण. हात बघूनच माप सांगायच्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “तुहा सव्वादोन. माहा अडीच. पण मनात आणलं तर तुही बांगडीबी मी माह्या हातात चढवीन.” ही बढाई नव्हती, खरंच होतं. तेच तर पुढं नडलं.

मी हिंगोलीत डायलिसिसची मशीन चालवते. मावशी आमच्याकडं आठवड्यातून दोनदा यायच्या. साखर जुनी, तिनं दोन्ही मूत्रपिंडं खाल्लेली. रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडायचं तर त्याला जोराची धार लागते, साधी शीर पुरत नाही. म्हणून मनगटाजवळ ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तो चालू असला की बोटांखाली गुरगुर लागते. मावशींनी त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. आल्या आल्या, चप्पल काढायच्याही आधी, डावा हात माझ्यापुढं.

“बघ बाई, भुंगा बोलून राहिला का?”

मी दोन बोटं ठेवायची, “बोलतोय” म्हणायचं, मग त्या खाटेवर चढणार. आणि मी सुई काढली रे काढली की हात लाकडासारखा ताठ! तेव्हा माझी पाळी. “हात ढिला सोडा मावशी, मी काय खाऊन राहिले का?” दर वेळी तीच गंमत आणि दर वेळी दोघी हसायचो. आम्हाला काही कंटाळा नव्हता.

तो भुंगा सहजासहजी मिळाला नव्हता. साखर आणि मूत्रपिंडाचा आजार एकत्र आले की रक्ताच्या नळ्या कडक होत जातात, त्यांच्या भिंतींत चुना साठतो. मावशींच्या हाताच्या एक्सरेत, जिथं नुसती हाडं दिसावीत, तिथं नळीसुद्धा पांढरी उठून दिसत होती. नांदेडच्या सर्जननं उजवा हात तपासून मान हलवली आणि डाव्यावर मोठ्या मुश्किलीनं जमवलं. निघताना बजावलं, हा एवढाच आहे, जिवापाड जपा. या हातावर बीपीचा पट्टा नाही, ओझं नाही, घड्याळ नाही, बांगडी नाही. मावशींनी तो एक्सरे उजेडाकडं धरून बराच वेळ बघितला.

“म्हंजे आतूनच काच भरली म्हणा की माह्या हातात.”

बांगडी नाही. आणि कुणाला, तर कासारणीला! मालक जिवंत, कपाळाला ठसठशीत कुंकू, उजवा हात भरलेला आणि डावा भुंडा. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. एकदा आमच्या बाजारात येऊन बसा म्हणजे कळेल. बाया हात पुढं करायच्या आणि नजर त्या मोकळ्या मनगटावर जायची. एकदोघी तर उठून शेजारच्या पालात गेल्या. मावशी ओरडून सांगायच्या, “अगं मालक हायेत माहे, तिकडं चहा पिऊन राहिलेत, बोलवू का?” लोक हसायचे. पण पुढं पुढं त्या डाव्या हातावर पदर घेऊन बसायला लागल्या. मला ऐकून संताप यायचा. मी तावातावानं म्हणायची, लोकांच्या बापाचं काय जातंय?

मग माझंच लग्न ठरलं.

“चुडा मीच भरणार,” मावशींनी जाहीर करून टाकलं. लग्नाच्या आदल्या दिवशी येष्टीनं हिंगोलीला आल्या, हिरव्या बांगड्यांची जुडी फडक्यात गुंडाळून. मी हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली, भोवती घरभर बाया. मावशींनी माझा हात हातात घेतला आणि पदर घसरला. माझ्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, “एक हात भुंडा ठेवून नवरीला चुडा भरता? काहून असा अपशकुन करता बाई?”

दवाखान्यात डॉक्टरलासुद्धा टोकणारी मी, तिथं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आत्या वडीलधारी, मी नवरी, उगाच वाद नको. एवढंच कारण होतं. आज सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मावशींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग माझ्याच जुडीतल्या चार बांगड्या उचलल्या, अंगठा आत दाबला आणि डाव्या हातात चढवल्या. सव्वादोनच्या.

“घ्या. झालं?” त्या आत्याला म्हणाल्या.

“मावशी, भुंगा,” मी पुटपुटले.

“गप गं. घरी गेले की काढते. आता हात ढिला सोड.”

आणि त्यांनी माझा चुडा भरला. एकही बांगडी न पिचता.

आठ दिवसांनी मी कामावर आले. मावशी दारातून आल्या, चप्पल काढली आणि सरळ खाटेकडं गेल्या. हात पुढं केला नाही. गळ्याशी पट्टी होती आणि पट्टीतून नळी बाहेर आलेली. माझी सहकारी म्हणाली, “फिस्टुला बंद पडला. झोपेत हातावर पडल्या म्हणे.”

मी पदर बाजूला केला. मनगटावर चार गोल वळ होते, जवळजवळ. बोटं ठेवली. काही नाही. पुन्हा ठेवली.

“काढल्या काहून न्हाई मावशी?”

“सुजला हात. निघंनात.” त्या छताकडं बघून बोलत होत्या. डायलिसिसच्या दोन पाळ्यांच्या मधे अंगात पाणी साठतं, तेव्हा हात सुजणारच. हे मला माहीत होतं.

“मग फोडायच्या होत्या!”

“अशी बोलू नगं. बांगडी फोडत नसतात, वाढवतात. तुह्या जुडीतल्या व्हत्या. तुही हळद फिटायच्या आत मी त्या वाढवू? संसार मांडायला गेलेलं पोरगं तू. तिसऱ्या दिशी हळद फिटली आसंल म्हणून वाढवल्या, तवर ह्यो गप झाला व्हता.”

मी रडायला लागले. त्यांनी मला दटावलं. “खबरदार तुह्या आत्याला सांगशील तर. झोपीत हातावर पडले, बस.”

शेवटपर्यंत त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टरला, मालकाला, सगळ्यांना. आणि मी सांगू दिलं.

दंडावर दुसरा फिस्टुला करून बघितला, पण त्या कडक नळीत तो धरला नाही. गळ्यातल्या नळीवरच डायलिसिस चालू राहिलं. अशी नळी फार दिवस सोसत नाही. थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. आता आल्या की त्या माझा हात मागायच्या. माझ्या चुड्यावरून बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, “बराबर बसल्या ना? टोचत न्हाईत ना?” मला त्या सतत टोचत होत्या. मी “न्हाई” म्हणायची.

चौथा ताप उतरला नाही. आमच्याच वॉर्डात, भर दुपारी गेल्या. मी गाडीबरोबर जवळा बाजारला गेले.

सवाष्ण गेली म्हणून घरात हिरवं लुगडं काढलं, मळवट भरला. उजव्या हातात बांगड्या भरून झाल्या. डाव्या हाताशी मात्र सगळ्या बाया अडल्या. त्यांची जाऊ मालातली हाताला लागली ती जुडी घेऊन तशीच उभी होती. “ह्या हाताला चालत नव्हती ना बांगडी?” ती विचारत होती, नेमकं कुणाला ते तिलाच ठाऊक.

मी खाली बसले आणि हात हातात घेतला. बोटं आपोआप मनगटावर गेली आणि क्षणभर तिथंच थांबली. मग मी अंगठ्याचं हाड आत दाबलं, त्या दाबायच्या तसं. इतका ढिला हात मावशींनी मला कधीच दिला नव्हता.

जावेनं जुडी पुढं केली. बघितलं तर सव्वादोनच्या होत्या. मी त्या परत केल्या.

“अडीचच्या द्या,” मी म्हणाले.