पहिल्या मशीनवरचं लाल रीळ

"एकशे नव्वद, एकशे वीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पट्टा सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. "हायपरटेन्शन. म्हणजे रक्तदाब कायम चढलेला. अशा अंगानं तुम्ही कामावर जाता?"

जाते म्हणजे काय! नांदगाव पेठेच्या एका शर्टाच्या कारखान्यात मी शिलाईची सुपरवायझर. हाताखाली चाळीस बाया. चाळीस मशीनींच्या वर माझा आवाज चढायचा आणि त्याचा मला तोराच होता, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस डोकं ठणकलं, तेव्हा अकोल्याच्या बहिणीनं ओढतच तिथल्या दवाखान्यात नेलं.

गोळ्या सुरू झाल्या. दंडाला ॲम्ब्युलेटरी मॉनिटर बांधला. दिवसभर अंगावर राहून दर अर्ध्या तासानं आपोआप फुगणारं ते यंत्र. ते फुगलं की हात सैल सोडून गप्प उभं राहायचं.

"आणि त्या वेळी काय चाललं होतं, ते वहीत खरं लिहा," त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी कामावर पोचले ती भडकलेलीच. आमच्याकडे सुई मोडली की, तुकडा शर्टात राहू नये म्हणून, सगळे तुकडे जुळवून कागदावर चिकटवायचे, तेव्हाच नवी सुई मिळते. परवा एक टोक सापडलं नव्हतं. मी सगळ्यांची उलटतपासणी केली होती, पण एकीनं तोंड उघडलं नाही. आजही तोच विषय काढला, आवाज चढवला, आणि दंडावरचा पट्टा फुगला. झक मारत गप्प झाले.

त्या गप्प अर्ध्या मिनिटात पहिल्या मशीनवर लाल रीळ दिसलं. पांढऱ्या शर्टांच्या लाइनीत लाल?

"हे काहून?" मी वंदनाला विचारलं. ती मशीन तिची.

तिनं मान खाली घातली. "मॅडम, तुमी रागात आल्या का आमी हे ठेवतो. म्हणजे आज कोणी काई सांगाचं नाई."

मग तिनं चिंधी बांधलेलं बोट पुढे केलं. "ते टोक हाय ना, ते याच्यात हाय. परवा बी लालच होतं."

मी तिची मशीन बंद केली. दोन दिवस ही बाई बोटात सुई घेऊन शिवत होती, माझ्या भीतीनं!

तिला अमरावतीला नेलं. एक्स-रेत टोक दिसलं. सर्जन म्हणाले, "पू झालाय. अजून उशीर केला असता तर बोट गेलं असतं." वंदना आत असताना पट्टा फुगला. वहीत लिहिलं: वंदनाचं बोट. मी केलं.

ते टोक मी स्वतः कागदावर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि लाल रीळ माझ्या टेबलावर आणलं. "डोकं तापलं तर मीच हे उभं करीन. पण त्या दिवशीही सांगायचं. सांगायचंच."

राग गेला नाही, बरं का. वऱ्हाडी बाई आहे मी! फक्त पट्टा नसला तरी तेवढा वेळ हात सोडून गप्प उभी राहते, मग बोलते. गोळी चुकवत नाही. तुमचाही पारा असाच चढत असेल तर दाब तपासा, आणि तुमच्या समोर कोण गप्प बसतं तेही बघा.

गेल्या महिन्यात दाब भरला एकशे अठ्ठावीस, ऐंशी. डॉक्टरीणबाई खूश! पण मी जिंकले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. टेबलावर लाल रीळ उभं होतं आणि वंदना तरातरा चालत आली.

"लाल हाय, मले दिसून राह्यलं," ती बरं झालेलं बोट नाचवत म्हणाली. "पण कॉलरी उलट्या लागून राह्यल्या. पयले लाइन थांबवा, मंग रागवा."

मी लाइन थांबवली. रागवायचं राहूनच गेलं.