एका लॉगिनच्या दोघी

मला बी.ए.ला चार श्रेयांक कमी पडत होते. अभ्यासकेंद्रातल्या सरांनी माझा फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि तसं सांगितलं, तेव्हा मी नुसती मान हलवली. श्रेयांक म्हणजे नक्की काय, हे विचारायची लाज वाटली. घरी बाबांना वाटलं, वर्गात नंबर येतो तसलं काहीतरी असणार. "चौथा आला म्हणजे चांगलंच की," ते म्हणाले. मी त्यांची चूक दुरुस्त करू शकले नाही, कारण मलाही माहीत नव्हतं.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बारावीनंतर मी उल्हासनगरला एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानात बिलं बनवायला लागले होते आणि पदवी बाहेरून चालली होती. रविवारी केंद्रावर तास, बाकी सगळं पुस्तकं वाचून.

"नवीन स्कीम आलीय," सर म्हणाले. "इंटरनेटवरचा छोटा कोर्स. सहा आठवड्यांचा. पास झालात की चार श्रेयांक जमा."

"सर, घरी कॉम्प्युटर नाही."

"सायबर कॅफेत बसा ना. आता गल्लोगल्ली आहेत."

त्यांनी एक चिठ्ठी दिली. तीवर माझं लॉगिन, म्हणजे माझं नाव आणि आडनाव सलग, आणि पासवर्ड. पासवर्ड सगळ्यांना एकच होता, एक ते सहा आकडे. खाली छापलं होतं की पहिल्याच वेळी तो बदलावा. कसा बदलायचा, ते छापलं नव्हतं. विषय होता 'आहार आणि बालआरोग्य'. तो मी निवडला नव्हता. बाकीचे दोन विषय भरले होते म्हणून हा मिळाला.

आमच्या दुकानामागे एका सिंधी काकांचं कॅफे होतं. प्लायवूडच्या फळ्यांनी पाच खोकी केलेली, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि एक स्टूल. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गेले. काकांनीच चिठ्ठी बघून लॉगिन उघडून दिलं आणि म्हणाले, "बेटा, तेरा तो पहला पाठ हो गया है. ये देख, पूर्ण."

खरंच तसं होतं. पहिल्या पाठासमोर हिरवी खूण. खाली प्रश्नमंजुषा, तीही सोडवलेली, दहापैकी सात. मी तर आयुष्यात पहिल्यांदा ते पान बघत होते.

"काका, मी केलेलं नाही."

"तो अच्छा है ना, आगे का कर."

मला वाटलं, नवशिक्यांना दाखवायला हा नमुना ठेवला असेल. मी पहिला पाठ तरी वाचून काढला, दुसरा वाचला, त्याची प्रश्नमंजुषा सोडवली. नऊ मार्क पडले. निघताना एवढं समाधान वाटलं की सात कोणाचे, हा प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या आठवड्यात असाइनमेंट आली. आपल्या परिसरातल्या लहान मुलांचा आहार बघून त्यावर लिहायचं होतं. लिहायच्या चौकटीत आधीच अर्धं पान भरलेलं होतं. त्या चौकटीत मराठी अक्षरं उमटायची नाहीत, त्यामुळे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. वाचायला वेळ लागला. त्यात लिहिलं होतं की नाचणीची भाकर लहान मुलाला घशात टोचते, म्हणून आया ती कालवणात कुस्करून देतात. की पावसाळ्यात रानभाजी असते तेव्हा मुलांची वजनं जरा बरी असतात. की भात लावणीच्या दिवसांत आई शेतावर गेली की दिवसभर मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे असतं आणि ती देईल तेच खातं.

हे लिहिणारी शिकवणारी मॅडमच असणार, अशी माझी खात्री झाली. एवढं बारीक दुसरं कोणाला माहीत असणार? उत्तर असं सुरू करायचं, पुढचं आपण पूर्ण करायचं, अशी पद्धत असेल. मी पुस्तकातून प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं यांवर एक परिच्छेद काढला आणि शेवटी लिहिलं, 'सर्व बालकांना दररोज एक पेला दूध द्यावे.'

पुढच्या आठवड्यात उघडलं तर माझं दुधाचं वाक्य गायब. त्या जागी लिहिलेलं, 'दूध मुलांना मिळत नाही. घरात असेल तर विकायला जाते.'

मी लाजले. पण जरा रागही आला. वाक्य मी माझ्या मनचं थोडंच लिहिलं होतं? मी खाली टाइप केलं, 'मॅडम, पुस्तकात पान अठ्ठेचाळीसवर असेच दिले आहे.'

आठ दिवसांनी उत्तर होतं. 'मॅडम, पुस्तकात असेल. माझ्या अंगणवाडीत बेचाळीस मुले आहेत. चुकले असेल तर माफ करा.'

मी ते चारदा वाचलं. शिकवणारी बाई मला मॅडम म्हणते आणि माफी मागते. तिची अंगणवाडी कुठून आली? काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "ये तेरा टेस्ट ले रहे हैं. बडे लोगों का तरीका होता है."

घरी बाबांनी विचारलं, "शिकवतं कोण तुम्हाला?"

"एक मॅडम आहेत."

"नाव काय त्यांचं?"

"कुठे दिसत नाही."

"बाई दिसत नाही, नाव नाही, आवाज नाही. मग शिकवतायत हे कशावरून?" बाबा चिडून बोलत नव्हते. ते खरंच विचारात पडले होते, आणि मीही पडले. पण मी शिकत होते, एवढं मला कळत होतं. बिलं करताना गिऱ्हाइकाच्या कडेवरचं पोर दिसलं की मी त्याचे दंड भरलेले आहेत की बारीक, ते बघायला लागले होते.

लेखी परीक्षा रविवारी सकाळी केंद्रावर होती. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी यादीतून माझं नाव पुकारलं. मी पुढे झाले. माझ्याबरोबर आणखी एक बाई पुढे झाली. पस्तिशीची, काळसर, काटक, खांद्याला कापडी पिशवी, पायांत प्लास्टिकच्या चपला.

"दोघी कशाला? एकच नाव घेतलंय," परीक्षेच्या बाई म्हणाल्या.

"माझंच नाव ते," मी म्हटलं.

"माझापन तेच हाय," ती म्हणाली.

ती बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावर राहायची. तिथल्याच अंगणवाडीची सेविका. माझं माहेरचं नाव-आडनाव आणि तिचं सासरचं, अगदी एकसारखं. माझ्या जन्माच्या आसपास हे नाव घरोघरी ठेवायचे, लग्नात नव्या सुनेलाही, आणि आडनाव तर बौद्ध वस्तीतही सापडतं, पाड्यांवरही. लॉगिन तयार करणाऱ्याने नाव एकदाच भरलं आणि दोघींना एकच चिठ्ठी छापून दिली. ती दर शनिवारी मीटिंगला बदलापूरला यायची आणि तिथल्या कॅफेत बसायची. मी सोम-मंगळवारी बसायचे.

हे सगळं आम्हाला लगेच कळलं नाही. आधी दोघींनी आपापली चिठ्ठी काढून समोर धरली, तर लॉगिन एकच. मग तिने हळूच विचारलं, "ता दुधाचा... तुमी लिवलेलं?"

"हो. आणि अंगणवाडी..."

"बाय माझे! मी तुमाला मॅडम समजली." तिने तोंडावर पदर धरला. मलाही हसू आलं, आणि मग लक्षात आलं. सहा आठवडे मला कोणीच शिकवत नव्हतं. आणि तिलाही.

यादीच्या बाजूला पेनाने तिचा वेगळा नंबर लिहून तिलाही बसू दिलं. पेपर दोघींनी दिला.

निकाल दीड महिन्याने लागला. माझ्या नावावर चार श्रेयांक जमा. तिच्या नावापुढे 'असाइनमेंट सादर नाही, अनुत्तीर्ण'. माझा प्रवेश तिच्या चार दिवस आधीचा होता, म्हणून लॉगिन माझ्या खात्याला जोडलं गेलं. पडद्यावर असाइनमेंटखाली तपासणाऱ्याचा शेरा आला होता: 'निरीक्षण उत्तम. पुस्तकी वाक्ये टाळावीत.'

म्हणजे मार्क मला मिळाले ते तिच्या निरीक्षणाचे, आणि जे टाळायला सांगितलं होतं तेवढंच माझं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. दुकानातल्या मालकीणबाईंनी मिठाई वाटली. मी माझा तुकडा कागदात गुंडाळून ठेवून दिला.

मी सरांकडे गेले. सर दार ओढून घेत म्हणाले, "अर्ज करायचा तर करा. पण एका असाइनमेंटवर दोघींनी हक्क सांगितला तर नक्कल धरतील. तुमचेही जातील. नीट विचार करा." मग म्हणाले, "श्रेयांक अर्धे अर्धे होत नाहीत."

बदलापूरला एका शनिवारी मी तिला गाठलं. मीटिंग सुटली होती, ती वजनकाट्याचं खोकं पायाशी ठेवून जीपची वाट बघत होती. मी निकाल आणि सरांचं बोलणं सांगितलं.

"रावदे गं," ती म्हणाली. "तुला नोकरी बघायची हाय. मी काय, पुढल्या येळी करीन."

"पण लिहिलं तुम्ही होतं."

"तूपन लिवलंस की. ते प्रथिना-बिथिना मला कुठं येतंय?" मग म्हणाली, "तुझ्या मनाला बरं वाटंल ता कर. माझ्यासाठी करू नको."

हे ऐकून माझा गोंधळ वाढलाच. मनाला बरं वाटेल म्हणून अर्ज करायचा, तर तो तिच्यासाठी होता की माझ्यासाठी? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खरं काय झालं तेवढं लिही. कोणाचं किती, ते लिहू नकोस. ते तुला माहीत नाही."

तसंच लिहिलं. दोघींनी सह्या केल्या. महिने गेले. मला उत्तर आलंच नाही; माझे श्रेयांक कोणी काढून घेतले नाहीत, राहू द्या असंही कोणी म्हटलं नाही. तिला मात्र पत्र आलं, पुढच्या बॅचला नव्याने प्रवेश आणि वेगळं लॉगिन.

या खेपेला ती उल्हासनगरला आमच्या काकांच्या कॅफेत यायला लागली. मी पासवर्ड बदलायचा कसा ते शिकले होते, तो तिला बदलून दिला. असाइनमेंटच्या दिवशी मी सवयीने स्टूल ओढून तिच्या शेजारी बसायला गेले.

"तू नको बघू," ती म्हणाली. रागाने नाही, पण ठाम.

मी उठले आणि काकांच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहिले. काकांनी विचारलं, "झगडा हुआ क्या?" मी नाही म्हटलं. आतून एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता, मध्येच बराच वेळ थांबायचा. दोनदा लाइट गेली, दोनदा तिने पहिल्यापासून सुरू केलं.

ती पास झाली. पण असाइनमेंटला मला मिळाले होते त्यापेक्षा तीन मार्क कमी. सगळं तिचं, तिच्या पाड्याचं, तिच्या मुलांचं, आणि तरी तीन कमी. मला ते पटेना. मीटिंगहून ती गुणपत्रिका न्यायला केंद्रावर आली, तेव्हा मी तिला विचारलं, "काय लिहिलं होतंत?"

"तुझ्यासारखा लिवला," ती म्हणाली. "पान अठ्ठेचाळीस, ता दुधाचापन टाकला. बरोबर नव्हता काय?"

मी म्हटलं, "बरोबरच आहे." तिने गुणपत्रिका दुमडून पिशवीत टाकली, वजनकाटा उचलला आणि आम्ही दोघी स्टेशनकडे चालायला लागलो.