बारा शब्दांचं गोल ताट

मोहाडीत भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर माझं स्टूल आज आहे ते एका ताईंमुळे. त्या दुकानाच्या कुणी लागत नाहीत, माझ्याही नाहीत. एका गिऱ्हाइकाची बहीण, बस्स. पण त्यांचे उपकार आधी, माझा घोळ नंतर.

मी माणदेशातला. शाळा सहावीत सुटली. भांड्यांवर नावं टाकायचं मशीन घेऊन इतक्या लांब आलो, कारण कुणीतरी इथल्या लग्नसराईचं फार कौतुक केलं होतं. मराठी अक्षर माझं वळणदार आहे. इंग्रजी मात्र मी चित्र काढल्यासारखं काढतो, अर्थ कळत नाही.

एका दुपारी दुकानमालकांचे एक दोस्त आले. त्यांना सगळे दादा म्हणत. आले ते थेट माझ्यापुढे.

"तुले इंग्रजी वाचता येते काय गा?"

"नाही हो," मी चाचरत म्हणालो.

"एकही शब्द नाही?"

"नाही."

"मंग तूच पायजे!"

शाळा सुटल्याचा फायदा मला तेव्हा पहिल्यांदा झाला.

प्रकरण असं होतं. दादा, त्यांची बहीण आणि धाकटा भाऊ, तिघांचं मिळून बिटकॉइन होतं. ते आतापर्यंत दादांच्या एकट्याच्या फोनवर असायचं. आता तिघांनी अंगठ्याएवढं एकेक यंत्र घेतलं होतं, आणि बिटकॉइन हलवायचं तर तिघांपैकी दोघांनी आपापल्या यंत्रावरून सही द्यायची, असं ठरवून टाकलं होतं. यंत्र बिघडलं तर नवं उभं करायला प्रत्येकाचे बारा इंग्रजी शब्द असतात, ते परक्यानं वाचायचे नाहीत. कागदाला उंदीर लागतात, म्हणून ते शब्द स्टीलवर हवे. नुसता पत्रा दिसला तर चोराला शंका येईल, म्हणून जेवायच्या ताटांच्या पाठीवर हवे.

"चोर काय ताट उलटं करून पाहीन?" दादा म्हणाले.

मी तिन्ही ताटांवर जीव ओतून काम केलं. शब्द एकाखाली एक टाकले तर ताट शाळेच्या पाटीसारखं दिसतं, म्हणून काठाला धरून गोल टाकले, घड्याळाच्या आकड्यांसारखे. एरवी माझा शेवटचा शब्द हमखास दाटीवाटीत बसतो. त्या दिवशी दोऱ्यानं मापलं होतं, एका केसाचाही फरक नाही. मधे हौसेनं कमळही काढलं.

दादा खूश झाले. शब्दांचे कागद त्यांनी शेजारच्या चहावाल्याच्या भट्टीत जाळले. मग ताटावर भरवसा ठेवता येतो का ते बघायला स्वतःच्या यंत्रातलं सगळं पुसलं आणि ताट हातात घेतलं. ताट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मान फिरवून बघितलं.

"सुरू कुठून होते हे?"

नावाला सुरुवात असते. श्री येतं, सौ. येतं, कै. तर लांबूनच कळतं. ह्या शब्दांना तसलं काहीच नव्हतं.

"तुम्ही वाचाल तिथून," मी म्हणालो.

"अबे, क्रमानं टाका लागते ते! बांगडी बनवून देल्ली तू मले!" आणि आत वळून मालकांना हाक, "ह्याले आजच ओट्यावरून उठवा!"

मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक तक्रार आली की स्टूल उचलायचं. त्या ओट्याखेरीज माझं मोहाडीत काहीच नव्हतं. मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

तेवढ्यात ताई स्वतःचं ताट न्यायला आल्या. सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"दादा, काहून बोंबलून राहिला? तुह्या एकट्याच्यानं काय अडते? माहं यंत्र आहे, लहान्याचं आहे. दोघांच्या सह्या पुरतात. तू हरवशील म्हणूनच तर हा कुटाणा केला न!"

"मी कायले हरवीन?"

"मंग मागच्या साली भातगिरणीच्या कोंड्यात फोन कोणं हरवला?"

दादांनी ताट पुन्हा एकदा फिरवून बघितलं.

"शब्द बारा, मंग सुरुवातीही बाराच. एकेक करून पाहू," म्हणत ताई ओट्यावर बसल्या. दादांच्या खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून घेतला, त्याखाली ताट आणि यंत्र. एक म्हातारी बाई पूजा समजून हात जोडून गेली. दुसरीनं ताटाचा भाव विचारला. "इकडे कोणी पाहू नका!" दादा ओरडले, म्हणून आणखी पाचजण बघायला थांबले.

नवव्या खेपेला यंत्रानं शब्द घेतले. आपलंच खातं उघडलंय, ह्याची दादांनी दोनदा खात्री केली.

ताई मालकांना म्हणाल्या, "चूक याची नाही. सुरुवात कुठं हे आपण सांगाले पायजे होतं. राहू द्या याले."

मी पहिल्या शब्दाआधी एक ठिपका टाकला. बाकीच्या दोन ताटांची सुरुवातही ताईंनी तशीच शोधून आणली, तिथंही ठिपका टाकला. जाताना दादा पुटपुटले, "कमळ बाकी बेस काढलं बे."

हे उपकार कसे फेडू, असं मी ताईंना विचारलं.

"रोवणीले ये," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

लाखांदूरकडे त्यांची धानाची शेती आहे. आमच्याकडे पावसाळ्यातही घोटा भिजत नाही, त्यामुळे गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर धान लावायचं म्हटलं तरी मला घाम फुटतो. पण ताई, तुम्ही हसत बोललात तरी मी ते धरून ठेवलंय. एका पावसाळ्यात मी येईन, आणि तुमची एक बांधी, बांधांमधला धानाचा एक तुकडा तरी, पुरी रोवून देईन.