उत्तर न देणारा पत्ता

इंटरनेटच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही. घरोघरी वायर ओढत गेलं की तेच मागं लागतात!

उंब्रजला आमचं छोटं ऑफिस. मालक युनूसभाई, आणि कॉम्प्युटर सांभाळणारा मी. प्रत्येक घराच्या राउटरला आम्ही एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा घर नंबर, देतो. भाईंना पन्नाशीत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची हौस आली, पण सबनेट मास्क डोक्यात शिरेना. शेवटी म्हटलं, "भाई, मास्क म्हणजे शेताचा बांध. बांधाच्या आतली घरं एका वस्तीची." भाई खूश! लगेच रहिमतपूरचा बांध घातला, चोवीसच्या जागी सोळा टाकून. मास्कचा आकडा घटला की बांध लांब सरकतो. भाईंची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, पत्ते मोजतच बसली. आकडा पासष्ट हजारांवर गेला तसे भाई ओरडले, "आरं गड्या, रहिमतपुरात एवढी घरं कवा झाली रं?"

*

शिराळ्याच्या एका गिऱ्हाइकाला भाईंनी वस्तीतला शेवटचा पत्ता दिला. तो सगळ्यांना एकदम हाक मारायला राखलेला असतो, त्यामुळं नेट चालेना. गिऱ्हाईक तापलं. भाई शांतपणे म्हणाले, "आवं, अख्ख्या वस्तीला हाक मारायचा मान दिला हुता तुमास्नी!"

*

पुढं पत्ते कमी पडायला लागले. भाईंनी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक पत्त्याला हाक द्यायची, उत्तर आलं नाही तर तो रिकामा समजून नव्या गिऱ्हाइकाला द्यायचा. लय अभिमान होता त्यांना तिचा.

त्यात हौसाक्कांचा पत्ता गेला. आक्कांचा लेक अंकुश फौजेत. वीजबिलाच्या धास्तीनं आक्का राउटर बंदच ठेवायच्या. फक्त रविवारी, लेकाच्या व्हिडिओ कॉलसाठी चालू करायच्या. त्या रविवारी एकाच पत्त्यावर दोन राउटर आले आणि कॉल सारखा तुटायला लागला. आक्का अनवाणी ऑफिसात आल्या.

"आवं भाई, पोरगं उद्या वर डोंगरात चाललंय. तितं फोन न्हाई. आज बोलनं झालंच पायजे!"

मी स्क्रीनवर दाखवलं. त्यांच्या घरातनं उत्तर आलं नव्हतं, म्हणून पत्ता एका दुकानाला गेला होता.

"उत्तर न्हाई म्हंजी घरात मानूस न्हाई, व्हय भाई?"

भाईंनी दुकानाचा पत्ता काढून घेतला आणि आक्कांचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, अशी ओळ स्वतः स्क्रिप्टमध्ये घातली. आक्का पळत घरी गेल्या. कॉल लागला. मायलेक पोटभर बोलले.

अंकुश पुन्हा घरी आला तो तिरंग्यातच. त्या दिवशी गावात एकही दुकान उघडलं नाही.

*

यंदा पत्ते पुन्हा संपले. मी विचारलं, "भाई, आक्कांची ती ओळ काढू का? आता त्या घरात नेट कोण वापरतंय?"

भाईंनी चहाचा कप उचलला. मी ती ओळ तेवढ्यापुरती बंद करून स्क्रिप्ट चालवली. उत्तर न देणारे सगळे पत्ते स्क्रीनवर उतरले. आक्कांचा त्यात नव्हता. तिथनं उत्तर येत होतं.

भाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"रविवार हाय रं आज," म्हणाले.