गरम पेटी

माझं डोकं लवकर तापतं. हॉटेलं-कँटीनची मशीनं दुरुस्त करतो मी, आणि फोनवर कुणी "हॉट केस चालतच नाय" म्हणालं की आधी ओरडतो. अहो, प्लग बघितलात का? जळालाय का? बहुतेक वेळा तेवढंच असतं. नाहीतर कॉइल तुटलेली, थर्मोस्टॅट अडकलेला, नाहीतर दाराचं रबर फाटून सगळी गरमी बाहेर. चार रोग. त्यापलीकडे जेवण ठेवायच्या या विजेच्या कपाटाला काही होत नाही, अशी माझी घमेंड होती.

दादा गेल्यावर वहिनीनं कशेळीच्या एका गोदामात कँटीन घेतलं. चाळीस-पन्नास हमाल, दुपारचं जेवण. दोन पोरी, घर, सगळं त्या कँटीनवरच. मग गोदामवाल्यांनी आत गॅस पेटवायला बंदी केली. ती शेलार गावात घरी रांधून टेम्पोनं टोप न्यायला लागली आणि हमाल कुरकुरायला लागले, जेवण थंड म्हणून. मी एका बंद पडलेल्या हॉटेलातला हॉट केस आणला, घासला, नवी कॉइल टाकली आणि कँटीनमध्ये नेऊन ठेवला.

"हे काय?" तिनं विचारलं.

हॉट केस म्हटलं तर हिला काय कळणार! मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "गरम पेटी. यात ठेव, झालं." आणि दुसऱ्या कामाला पळालो.

थंडीत निभावलं. उन्हाळा लागला तसा फोन आला. "भाऊजी, तुमची पेटी मेली. जेवान कोमट ऱ्हातं. आज सात जणांची पोटं बिघडली. साहेब म्हनतो, पुना असं झालं तं भांडी उचल." आवाज रडवेला होता.

संध्याकाळी गेलो. पेटी रिकामी होती. मीटर लावला, कॉइल ठीक. अर्ध्या तासात आतला काटा पंच्याहत्तर अंशांवर. च्यायला, मशीन ठणठणीत आणि जेवण कोमट! डोकं सटकलं. तिच्यावरच खेकसलो, "दार सारखं उघडत असशील."

"न्हाय ओ, वाढायलाच उघडते."

"मग व्होल्टेज पडत असेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं मी चांगला थर्मोस्टॅट काढून नवा बसवला, रबरही बदललं. निघताना छाती ठोकून म्हणालो, "उद्या बिनधास्त वाढ. माझी जबाबदारी."

दुसऱ्या दिवशी अकरा जण आडवे झाले. दोघांना सलाईन लावावं लागलं. संध्याकाळच्या आत कँटीन गेलं.

भांडी उचलायला मीच टेम्पो घेऊन गेलो. पेटीत अर्धा टोप भात तसाच होता, आंबूस वास मारत. वहिनी पायरीवर बसली होती. मी वैतागूनच विचारलं, "वहिनी, भात पेटीत ठेवतेस तेव्हा कढत असतो ना?"

तिनं माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघितलं. "कढत कसा ठेवीन? गरम भात झाकला का त्याला घाम सुटतो, आंबतो. सासूबायनी शिकवलंय. परातीत पसरते, पंख्याखाली निवला का मगच भरते. पुढं गरम करायला पेटी हाय ना."

सासूबाई म्हणजे माझी आई. माझा शाळेचा डबाही ती असाच निववून भरायची.

हॉट केस गार अन्न तापवत नाही. कढत ठेवलेलं कढत राखतो, बस. निवलेला भात त्यात तासन् तास कोमट राहतो, आणि कोमट अन्न सगळ्यात लवकर नासतं. हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. एक वाक्य सांगायचं राहिलं होतं, आणि वर नाव ठेवलं होतं गरम पेटी!

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमी एवढं केलंत, भाऊजी. पेटी चांगली हाय. अपेश माझ्याच हाताला."

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो आणि टोप उचलला. लाज वाटली. भ्याडच मी.

आता वहिनी दुसऱ्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवते. गावात हळदीला बायका रांधायला बोलवायला येतात, तर हात मागे घेते. "माझ्या हातचं नको गं बायांनो," म्हणते. एके काळी तिच्या हातच्या कालवणासाठी लोक पंगतीत थांबून राहायचे.

पेटी मी दुसऱ्या कँटीनला दिली. देताना बजावलं, ही तापवत नाही, नुसती राखते, कढतच ठेवायचं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, दोन-दोनदा. लोक वैतागतात.

वहिनीला सांगायला म्हणून तीनदा शेलारला गेलो. ती चहा आणून ठेवते, "कढत हाय, जपून," म्हणते. मी चहा पितो आणि परत येतो.