कोंबडीचं हळदीकुंकू

मी एकदा कोंबडीला कुंकू लावलं होतं.

पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी, पाटावर बसवून. वर निरांजनाने ओवाळलंही होतं. वय विचाराल तर तेव्हा मी अगदीच कोवळी होते, नुकतं साठावं लागलेलं! (आता सत्तरी ओलांडली. अक्कल वाढलीय असं नाही, पण वाकवत नाही म्हणून कोंबड्या वाचतात.) आणि मी कोण? छत्तीस वर्षं शाळेत सातवीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. ‘निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा’ असं फळ्यावर लिहून हात दुखले माझे. स्वतः मात्र मी निष्कर्ष आधी काढते. निरीक्षण करायला शेजारीपाजारी येतातच.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या नसीमाभाभी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाल्या. पनवेलला आमची दोघींची बैठी घरं, मागे परस आणि मध्ये कमरेएवढी भिंत. पंचवीस वर्षं त्या भिंतीवरून ईदचा शिरखुर्मा इकडे आणि गौरीचा नैवेद्य तिकडे जात आलाय. जायच्या आदल्या दिवशी भाभी भिंतीपाशी आल्या त्या दोन टोपल्या घेऊन.

“बाई, ह्या माज्या मलिका आणि शहजादी. दुसऱ्या कोणाकडे ठेवायला जीव धजत नाय. तुमी शिकलेल्या. तुमच्याकडे अमानत ठेवते.”

‘शिकलेल्या’ म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढते. मी टोपल्या घेतल्या.

टोपल्यांत सिल्की जातीच्या दोन कोंबड्या होत्या. कोंबड्या म्हणायचं ते आवाजावरून. अंगावर पिसं नाहीतच, नुसता पिंजलेला पांढराशुभ्र कापूस! पायांत केसाळ मोजे. डोक्यावर एवढा मोठा झुबका की डोळे कुठे आहेत ते विचारून घ्यावं लागे. माझ्या सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. सगळा जन्म भातशेतीत आणि कोंबड्यांत गेलेला. त्यांनी मलिकेला दोन वेळा उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, “गो सुमन, हा मांजर अंडी घालतं?”

भाभींनी सूचना सुरू केल्या. “ह्यांना उडता येत नाय, तर बसायची फळी खाली ठेवा. पाणी लागू द्यायचं नाय. बाकी कोंबड्यांचं अंग भिजत नाय, ह्यांचं फडक्यासारखं भिजतं, मग गारठतात. डोळ्यावरचे केस कापत जा, नायतर समोर कोण आलं ते दिसत नाय. तुमच्या गावठी कोंबड्यांत मिसळू नका. ह्या गरीब हायत, मार खातात नि बसून राहतात. आणि बाई, सगळ्यात मोठी गोष्ट...” इथे भाभींनी माझा हात धरला. “रक्ताचा थेंब दिसू द्यायचा नाय. कोंबडीला लाल दिसलं की तुटून पडतात सगळ्या. जखम झालीच तर हळद भरायची आणि वेगळी ठेवायची.”

“भाभी, हे मी सातवीला शिकवायचे,” मी म्हटलं. (नव्हते शिकवत. सातवीला कोंबडी नव्हतीच, झुरळ होतं.)

पण खरं सांगते, दीड महिना मी त्या दोघींना सोन्यासारखं सांभाळलं. खुराड्यात वेगळा कप्पा केला, बारीक जाळी ठोकून घेतली, मुंगूस उकरून आत येतो म्हणून खाली विटांचा थर दिला. जमिनीवर भाताचा तूस. रोज दुपारी कात्री घेऊन झुबक्याची हजामत. आमचे हे म्हणाले, “लग्न झाल्यापासून माझ्या डोक्याकडे तू इतक्यांदा बघितलं नाहीस.” मी म्हटलं, “बघण्यासारखं राहिलंय काय त्यावर?”

जाळीच्या पलीकडे माझ्या स्वतःच्या पाच गावठी कोंबड्या होत्या. त्यांची पुढारी एक तांबडी, मजबूत, मान तिरकी करून बघणारी. तिला मी ‘हेडबाई’ म्हणायचे, कारण ती आली की बाकीच्या चार जणी आपापलं खाणं सोडून रांगेत उभ्या राहायच्या. हेडबाई दिवसातून दोनदा जाळीपाशी येऊन या दोन पाहुण्यांना न्याहाळायची. शाळा तपासणीला आल्यासारखी.

आणि मलिका खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला. सिल्कीला तेवढंच काम येतं. अंडं कुणाचंही चालतं. हेडबाईची सहा अंडी खाली सरकवली (कोंबडा गल्लीतला, येऊनजाऊन असायचा), आणि एकवीस दिवसांनी सहाच्या सहा पिल्लं! आपली नव्हेत, रंगाची नव्हेत, पण मलिकेने अशी पोटाखाली घेतली की सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईंच्या, डोळ्यांत पाणी आलं. तिथेच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

पिल्लं आठवड्याची झाली आणि वसुबारस आली. आमच्या घरात गाय-वासराची पूजा कधी चुकली नव्हती. पण पनवेलजवळची आमची करंजाड्याची शेती नव्या शहराच्या नकाशात गेली, मागोमाग गुरंही गेली. दरवर्षी हे कुठूनतरी गाय शोधून यायचे. त्या दिवशी दोन तास स्कूटरवर फिरून हात हलवत परत आले.

“करंजाड्यात ‘गोकुळ’ नावाच्या तीन बिल्डिंगी सापडल्या,” हे म्हणाले. “गाय एकीतही नाही.”

आई खांबाला टेकून बसल्या. “माजे हयातीत पयल्यांदा पूजा चुकली.”

मला ते बघवेना. आणि शिकलेल्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडला! “आई, पूजा कशाची करतो आपण? गाईची की आईपणाची? परसात लेकुरवाळी बसलीय की! तीही दुसरीची पिल्लं आपली म्हणून वाढवतेय. हिच्याएवढी माय कोण?”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. “कोंबरीला कुंकू? येडी झालीस का गो?”

“आई, भाव महत्त्वाचा.”

“भाव महत्त्वाचा,” असं म्हणत ज्यांनी ज्यांनी काही केलंय, त्यांची घरं एकदा जाऊन बघायला पाहिजेत.

संध्याकाळी तुळशीपाशी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. मलिकेला पाटावर ठेवलं, सहा पिल्लं भोवती. शहजादीला सवाष्ण म्हणून शेजारी बसवली. गावठी कोंबड्या अजून अंगणातच होत्या. यांनी विचारलं, “त्यांना आधी कोंडायचं ना?” मी म्हटलं, “सणाच्या दिवशी मुक्या जीवांना कोंडता? त्याही खातील की दोन दाणे.” आणि पाटाभोवती बाजरी उधळली.

मग ताटातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि मलिकेच्या त्या पांढऱ्याशुभ्र झुबक्यावर लावलं. कपाळ नेमकं कुठे ते कळेना, म्हणून जरा सढळ लावलं. ठसठशीत, लालभडक, रुपयाएवढं. ओवाळलं. हात जोडून डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा समोर हेडबाई उभी होती. मान तिरकी. नजर कुंकवावर.

तेव्हा मला नसीमाभाभींचं वाक्य आठवलं. शब्दन्‌शब्द आठवलं. पण मला आठवायला आणि हेडबाईला चोच मारायला एकच गाठ पडली!

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. हेडबाईने झुबक्याचा पहिला घास घेतला, आणि मागून चौघी जणी तुटून पडल्या. मलिका बिचारी ओरडायची सोडून खाली बसली आणि पंख पसरून पिल्लांना पोटाखाली ओढायला लागली. तिला पळ म्हणायचं तरी कसं? वरून मार कोण देतंय तेही तिला दिसत नव्हतं! शहजादी सवाष्णपण सोडून रांगोळीतून पळाली आणि थेट जाळीवर आपटली. निरांजन कलंडलं. मी हातातलं ताट ढालीसारखं मध्ये घातलं, तर ताटातलं उरलेलं कुंकू भसकन मलिकेच्या अंगावर! आता ती नुसती जखमी नाही, रक्ताने न्हालेली दिसायला लागली. हेडबाईला तर चेवच चढला.

आमचे हे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. संकट आलं की हात न हलवता घोषणा करतात. “शहजादी आत गेली आहे! चार पिल्लं आत! दोन पिल्लं आईच्या लुगड्याखाली! मलिका पाटावरच थांबलेली आहे, मलिका...”

“अहो, घोषणा कसल्या करताय? उचला तिला!”

यांनी उचललं. पण काय? बादली! आणि कुंकू जावं म्हणून अख्खी बादली मलिकेवर रिकामी केली.

पाणी लागू द्यायचं नाही म्हणजे का, ते मला त्या क्षणी दिसलं. कापसाचा ढग बसला आणि आतून हाडकुळं, काळ्याकुट्ट कातडीचं पाखरू निघालं. कुंकवाने गुलाबी झालेलं, थरथरणारं. मी तिला पदरात घेऊन मोरीत पळाले, कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि डोकं चोळलं. केस निघाले, झुबक्याच्या मधोमध सुपारीएवढं टक्कल आणि त्यात खरी जखम. जखम झाली तर हळद भरायची! मुठीने हळद भरली.

आणि मलिकेचं डोकं पुन्हा लालभडक झालं!

वाचकहो, हळदीला साबण लागला की ती लाल होते. छत्तीस वर्षं, दरवर्षी, दोन तुकड्यांना मी हा प्रयोग टेबलावर करून दाखवलाय. टाळ्या घेतल्यात. पण कुठल्याही पाठ्यपुस्तकात तो कोंबडीवर केलेला नव्हता, हे माझं म्हणणं. मोरीच्या दाराच्या जाळीला बाहेरून चोच लावून हेडबाई निकालाची वाट बघत होती.

मलिकेचे डोळे मिटायला लागले, मान एका बाजूला पडली. माणसाने विश्वासाने दिलेला जीव माझ्या हातात गार पडत होता. आणि कशाने? माझ्या त्या ‘महत्त्वाच्या’ भावाने!

“दे इकरं,” आई म्हणाल्या. अशा वेळी शिकलेल्यांना बाजूला करून कुणीतरी हे म्हणावं लागतं. त्यांनी मलिकेला जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, पोटाशी घेतलं, तव्यावर कापड गरम करून शेकत बसल्या. मी केस वाळवायचा ड्रायर आणून लांबून वारा घालायला लागले.

नेमका तेव्हा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. नसीमाभाभी!

“बाई! नातू झाला! माशाल्ला, बघा तरी!”

मी बघितला. गोरागोमटा, मूठ तोंडात. मी म्हटलं, “गोड आहे हो!” आणि रडायला लागले.

“रडता काय बाई, खुशीची गोष्ट हाय! माज्या पोरी कशा हायत? दाखवा जरा मलिकेला.”

मी यांच्याकडे बघितलं. हे खुराड्याकडे गेले आणि शहजादीला घेऊन आले. दोघी सारख्या दिसतात, या एका गोष्टीवर माझी अब्रू उभी होती.

“ही बघा मलिका,” मी म्हटलं.

“किती छान झाली! आणि शहजादी?”

मी फोन भिंतीकडे फिरवला, दहा आकडे मोजले, पुन्हा शहजादीवर आणला. “ही शहजादी.”

“वा! आता दोघींना एकत्र धरा की, मी पोरीला दाखवते.”

यांनी शहजादीला उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग मागून आईंचा आवाज आला, शांत, स्पष्ट: “एकत्र कशी धरल? दुसरी हीऽ माजे मांडीवर हाय. सुनेने तिला कुंकू लावलान.”

फोन बंद झाला. नेटवर्क गेलं की भाभी गेल्या, ते कळेना. पुन्हा लावायची माझी छाती झाली नाही.

सकाळी आईंच्या मांडीवरून बारीक आवाज आला. मलिका पिल्लांना बोलवत होती. मी आईंना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, “मला नको करू. तिला कर. पन लांबून.”

भाभी महिन्याभराने लेकीला आणि बाळाला घेऊन आल्या. महिनाभर मी मलिकेच्या टकलाला खोबरेल तेलाचं बोट लावत होते. केस येत होते, पण अजून मधोमध बोडकं होतं. त्या आल्या त्याच सकाळी टोपलीत मलिका, शहजादी आणि सहा पिल्लं घेऊन मी भिंतीपाशी गेले. भाभींनी मलिकेला उचललं. डोकं बघितलं, पंख उचलून बघितले, पायाची पाच बोटं मोजली (सिल्कीला पाच असतात, बाकीच्यांना चार).

“भाभी, माझी चूक झाली,” मी म्हटलं. “तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिला पूजायला गेले आणि मारून टाकणार होते. पिल्लं तुमचीच. मला पुन्हा काही सांभाळायला देऊ नका.”

भाभी मलिकेला घेऊन आत निघून गेल्या. मी भिंतीपाशी उभी राहिले. पंचवीस वर्षांच्या वाट्या डोळ्यांसमोरून गेल्या. गेलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. भाभी बाळाला हातांवर घेऊन उंबऱ्यात उभ्या. माझ्याकडे बघितलं, मग बाळाच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या:

“या बाई, आत या. नातवाला बघा, दुवा द्या, पोटभर द्या. फक्त हात पाठीमागे बांधून द्या!”